जिनिंगचा हंगाम आणि बाहेरगावचे मजूर: पीएफ, भरपाई, ग्रॅच्युइटीची कागदं कशी लावायची

दिवाळीच्या आगेमागे हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, घाटंजी, आर्वी, दर्यापूर या भागातल्या जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) सुरू होतात आणि छत्तीसगड, बालाघाट, छिंदवाडा, बिहारकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात. पुढचे चार-पाच महिने रेचे (सरकी काढणारी यंत्रं) रात्रंदिवस चालतात. गाड्या रांगेत उभ्या असतात आणि कागदं बघायला कुणालाच सवड नसते. मग मधेच कुणाचा हात रोलरमध्ये जातो, किंवा मार्च-एप्रिलात टोळी गावी निघते, आणि हिशोबाचे प्रश्न उभे राहतात. त्या वेळी जे कागद मागितले जातात ते हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच तयार व्हावे लागतात. मागाहून केलेला कागद कोर्टात टिकत नाही. म्हणून इथे सगळं हंगामाच्या क्रमाने सांगितलं आहे. मालक, मुनीम आणि टोळी आणणारा मुकादम, तिघांनीही वाचावं.

आधी कायद्याची आजची स्थिती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा अशा चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या आहेत. किमान वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाचे लाभ, भरपाई, आंतरराज्य स्थलांतरित मजूर हे सगळे जुने कायदे आता या संहितांत सामावले आहेत. पीएफची १९५२ ची योजना तूर्त तशीच चालू आहे. त्यामुळे सल्लागार जुन्या कलमांची नावं घेत असला तरी गोंधळू नका. आकडे आणि जबाबदाऱ्या बऱ्याचशा त्याच आहेत. जिथे बदलल्या, तिथे खाली सांगितलं आहे.

ईएसआय कुणाला नाही, आणि नसल्यामुळे काय होतं

जिनिंगवाल्यांचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज इथे आहे. कायद्याच्या व्याख्येत निव्वळ कापसाचं जिनिंग किंवा प्रेसिंग करणारा कारखाना ‘हंगामी कारखाना’ ठरतो आणि हंगामी कारखान्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू नाही. जुन्या कायद्यात तसं होतं, नव्या संहितेतही तसंच आहे. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढची गोष्ट सुटते: ईएसआय नाही, म्हणून अपघाताची भरपाई आणि बाळंतपणाचा पगार थेट मालकाच्या खिशातून द्यावा लागतो. ईएसआय असलेल्या कारखान्यात हा बोजा महामंडळ उचलतं. जिनिंगमध्ये तो उचलणारं दुसरं कुणी नाही, तुम्ही स्वतः विमा उतरवला नसेल तर.

‘निव्वळ’ हा शब्द नीट लक्षात घ्या. त्याच आवारात, त्याच नावावर सरकीची तेलघाणी बारा महिने चालत असेल तर हंगामी कारखान्याचा दावा डळमळीत होतो. अशा वेळी ईएसआय महामंडळाला पत्र लिहून लेखी उत्तर घ्या आणि ते फाईलला लावा. डाळ मिल, राईस मिल, संत्र्याचं पॅकिंग यांनी ‘आमचंही हंगामीच आहे’ असं परस्पर ठरवू नये. व्याख्येत जिनिंगचं नाव आहे, डाळ मिलचं नाही. तिथे दहा माणसं झाली की ईएसआय बघावंच लागतं: २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर मजुराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के.

टोळी उतरली त्या दिवशी

मुकादमाच्या वहीवर विसंबू नका. प्रत्येक माणसाचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मूळ गाव-तालुका-जिल्हा, जन्मतारीख, आधार क्रमांक, स्वतःचा मोबाईल, स्वतःचं बँक खातं आणि घरच्या वारसाचं नाव आपल्या रजिस्टरमध्ये घ्या. आधारची प्रत ठेवा. मूळ कार्ड परत द्या, ठेवून घेऊ नका. वय बघा. अठराच्या आतल्या मुलाला रेच्यावर, प्रेसवर किंवा पट्ट्याजवळ उभं करू नका, मुकादम कितीही म्हणाला तरी.

नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. एक पान पुरतं: नाव, काम, रुजू तारीख, मूळ वेतन आणि महागाई भत्ता वेगवेगळा, कामाचे तास, पीएफ क्रमांक. छत्तीसगड-बिहारच्या माणसाला ते हिंदीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही किंवा अंगठा घ्या. वेतनाची फोड करताना नवा नियम पाळा. घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइमसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ पगार ६,००० आणि भत्ते ८,००० अशी जुनी युक्ती आता चालत नाही. शिवाय वेतन सरकारने जाहीर केलेल्या किमान वेतनाखाली जाता कामा नये. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, म्हणजे ऐन हंगामात एकदा दर बदलतो. डिसेंबरच्या दराने मार्चपर्यंत पगार काढला की फरकाचा दावा पक्का.

दुसऱ्या राज्यातले दहा किंवा जास्त मजूर असले की स्थलांतरितांची तरतूद लागू होते. जुन्या १९७९ च्या कायद्यात हा आकडा पाच होता. पण नवी व्याख्या एका बाबतीत मोठी आहे. पूर्वी ठेकेदारामार्फत आलेलाच मोजला जायचा. आता स्वतः एसटीने उतरून गेटवर काम मागणारा, महिना १८,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला मजूरही मोजला जातो. त्यांना गावी जाण्या-येण्याचा प्रवास भत्ता द्यायचा असतो. तो उचलीतून (आगाऊ दिलेल्या रकमेतून) कापू नका. वेगळी नोंद करून खात्यात टाका. त्यांचं गावचं रेशनकार्ड इथल्या दुकानात चालतं, हेही सांगा. अनेकांना माहीत नसतं आणि ते पाच महिने महागडं धान्य विकत घेतात.

उचलीबद्दल थोडं सविस्तर. मुकादमाला एकठोक रक्कम देऊन मोकळं होण्याची रीत सगळीकडे आहे आणि भानगडीही तिथेच सुरू होतात. मुकादमाने मजुराला निम्मीच दिली तरी तुमच्या वहीत पूर्ण लिहिलेली असते. उचल प्रत्येक मजुराच्या नावाने, त्याच्या खात्यात, तारखेसह द्या. पगारातून सगळ्या कपाती मिळून निम्म्याहून जास्त रक्कम कापता येत नाही. आणि उचल फिटली नाही म्हणून कुणाला आवारात अडवून ठेवणं, सामान किंवा कार्ड ठेवून घेणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखालचा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बुडालेली उचल हे दिवाणी येणं आहे. ती वसूल करायची वाट माणसाला कोंडणं ही नव्हे.

पगारही थेट मजुराच्याच खात्यात, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. मुकादमाच्या खात्यात टोळीचा पगार टाकला आणि त्याने तो वाटला नाही, तर मुख्य मालक म्हणून तुम्हाला पुन्हा द्यावा लागतो.

पीएफ: हंगामी मजुराचं खरं पेन्शन इथे आहे

वीस माणसं झाली की पीएफ लागू. या विसात ठेकेदाराची, मुकादमाची, हमालीची आणि गेटवरची माणसंही मोजतात. एकदा लागू झाला की पुढच्या हंगामात पंधराच माणसं असली तरी सुटका नाही. आणि ‘पाच महिन्यांचं काम आहे, पीएफ कशाला’ याला कायद्यात आधार नाही; हंगामी माणूस पहिल्या दिवसापासून सभासद होतो.

हिशोब १४,००० रुपये वेतनावर असा बसतो: मजुराकडून १२ टक्के म्हणजे १,६८०. मालकाचेही १,६८०, त्यातले ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ पेन्शन खात्यात आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये. शिवाय मालकाकडून विम्याचे ०.५ टक्के म्हणजे ७० आणि प्रशासकीय खर्चाचे ०.५ टक्के, आणखी ७०. एका मजुरामागे एकूण भरणा ३,५०० रुपये, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सक्तीची वेतनमर्यादा १५,००० आहे, म्हणून पेन्शनमध्ये महिन्याला १,२५० पेक्षा जास्त जात नाही. प्रशासकीय खर्च महिन्याला किमान ५०० रुपये आणि जिनिंग बंद असताना, एकही सभासद नसताना, ७५ रुपये भरावा लागतो. बंद महिन्यांचा हा भरणा विसरला की थकबाकीची नोटीस येते.

उशिराची किंमत मोठी आहे: वर्षाला १२ टक्के व्याज, वर महिन्याला १ टक्का दंड. मजुराच्या पगारातून कापलेली रक्कम मुदतीनंतर भरली तर १९६१ च्या आयकर कायद्याखाली तिची वजावटही मिळत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे पक्कं केलं आहे.

आता मजुराच्या बाजूने. पेन्शन योजनेत हंगामी कामगारासाठी एक अतिशय मोलाची तरतूद आहे: त्याने वर्षात प्रत्यक्ष पाचच महिने काम केलं असलं, तरी पेन्शनच्या पात्रतेसाठी ते पूर्ण वर्ष धरलं जातं. म्हणजे दहा हंगाम भरले की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क तयार होतो. पण होतं काय? दर वर्षी नवी जिनिंग, नवा ठेकेदार, नवा यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक), आणि एप्रिलात गावी जाताना एजंटाला पैसे देऊन पेन्शनसकट सगळी रक्कम काढून घेणं. पेन्शनचे पैसे काढले की त्या वर्षांची सेवा पुसली जाते. आठ हंगाम राबलेल्या माणसाच्या नावावर शून्य वर्षं उरतात. दोन-चार हजारांसाठी हे नुकसान होतं आणि मुनीमाने दोन मिनिटं समजावलं तर टळतं. म्हणून प्रत्येकाला विचारा, ‘आधी कुठे पीएफ कापला होता का?’ आणि जुनाच यूएएन पुढे चालवा.

यूएएन नसेल तर नवा काढावा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी उमंग अ‍ॅपवर चेहऱ्याची पडताळणी लागते. ती मजुराच्या समोरच, उजेडात, नेटवर्क असेल तिथे करा; गोडाऊनच्या अंधारात ती वारंवार फसते. बाकी अडचणी नेहमीच्याच: आधारवर ‘साहू’ आणि बँकेत ‘साहु’, जन्मतारखेत फक्त वर्ष, आधारशी जोडलेला मोबाईल गावी राहिलेला. या तिन्ही गोष्टी नोव्हेंबरातच दुरुस्त करा. एप्रिलात दोनशे माणसांची दुरुस्ती होत नाही.

केंद्राच्या नव्या रोजगार प्रोत्साहन योजनेबद्दल सल्लागार फोन करतील. नव्या कामगारामागे मालकाला महिना ३,००० रुपयांपर्यंत मिळतात हे खरं, पण माणूस सहा महिने टिकावा लागतो. पाच महिन्यांच्या जिनिंगला त्याचा फारसा उपयोग नाही. बारमाही तेलघाणी किंवा सूतगिरणीने जरूर बघावी.

अपघाताची पॉलिसी

एक हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. तीस वर्षांचा, १४,००० वेतनाचा मजूर कामावर दगावला तर भरपाई वेतनाच्या निम्मे गुणिले वयाचा गुणांक: ७,००० × २०७.९८, म्हणजे १४,५५,८६० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ६० टक्क्यांनी हिशोब, म्हणजे १७ लाखांवर. हिशोबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० धरलं जातं. महिन्याभरात रक्कम जमा केली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड वेगळा.

हा धोका कर्मचारी भरपाई पॉलिसीने झाकला जातो. पॉलिसी घेताना प्रीमियम वाचवायला दहा माणसं दाखवायची आणि हजेरीपटावर पंचेचाळीस असायची, ही हमखास फसण्याची जागा. विमा कंपनी पहिल्यांदा हजेरीपटच मागते. पॉलिसीत खरी संख्या, खरं वेतन, ठेकेदाराचे मजूर, उपचाराचा खर्च आणि व्याज या पाच गोष्टी आहेत का ते बघा. दंडाची रक्कम विमा कंपनी सहसा देत नाही. पॉलिसी रेचे फिरायच्या आधी सुरू व्हायला हवी. मशिनरीच्या दुरुस्तीच्या दिवसांतही अपघात होतात. नव्या संहितेत घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही ठरावीक परिस्थितीत कामावरचाच धरला जातो. ट्रॉलीतून बाया-माणसं आणत असाल तर एजंटाला हे स्पष्ट विचारा.

मृत्यू झाला की गावातली चार माणसं बसवून, स्टॅम्प पेपरवर तीन-चार लाखांची ‘आपसी’ करायची, हे वारंवार घडतं. कायद्यात याला भरपाई मानत नाहीत. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते आणि तो ती वारसांना वाटतो. परस्पर दिलेली रक्कम, थोडी आगाऊ मदत सोडली तर, वजा होत नाही. कुटुंबाला दावा करायला दोन वर्षं असतात. बालाघाटच्या गावात कुणी तरी वकील गाठून देतो आणि मालक पूर्ण रक्कम पुन्हा भरतो. विधवेलाही दोन वर्षं हेलपाटे पडतात ते वेगळंच. पोलिसांत आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे खबर द्या, विमा कंपनीला लगेच कळवा, रक्कम रीतसर जमा करा. मृतदेह गावी पोचवण्याचा खर्च मात्र विनाविलंब करा, तो हिशोबात धरू नका.

बायांचे हक्क

सरकी-कचरा वेचणाऱ्या, रुई ओढणाऱ्या बहुतेक बायाच असतात. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा लागू होते, आणि ईएसआय नसल्यामुळे ती मालकाने द्यायची. गरोदर आहे म्हणून हंगामाच्या मधे काढून टाकणं बेकायदा आहे. पन्नास माणसं असली की पाळणाघर लागतं. संध्याकाळी ७ नंतर काम द्यायचं तर तिची संमती घ्या, सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची सोय करा.

नेपाळी पहारेकरी आणि परदेशी तंत्रज्ञ

नेपाळचा माणूस ठेवायला व्हिसा लागत नाही. १९५० चा मैत्री करार त्यासाठी आहे. त्याचा पासपोर्ट किंवा नेपाळी नागरिकत्वाचा दाखला बघून प्रत ठेवा. पीएफच्या दृष्टीने नेपाळ आणि भूतानचे नागरिक भारतीय कामगारच धरले जातात, परदेशी नाहीत, आणि त्यांच्या यूएएनला चेहऱ्याच्या पडताळणीची सक्ती नाही. ‘आधार नाही म्हणून पीएफ नाही’ हे चुकीचं उत्तर आहे. उलट, मालदा-मुर्शिदाबादकडचा भारतीय मजूर बंगाली बोलतो म्हणून त्याला परदेशी समजू नका. कागद सगळ्यांचे सारखेच बघा.

बाहेरच्या देशाची मशिनरी घेतली, मग ती सूतगिरणीची असो की गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलमधला कलर सॉर्टर (रंगावरून दाणे निवडणारं यंत्र), की ती बसवायला तिकडचा माणूस येतो. खरेदीच्या करारातच लिहून घ्या: व्हिसा कोण काढणार, खर्च कुणाचा, पगार कोण देणार. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला मशीनला हात लावू देऊ नका. तुमच्या पगारपत्रकावर परदेशी माणूस घ्यायचा असेल तर रोजगार व्हिसा लागतो. तो साधारणपणे वर्षाला १६.२५ लाखांहून जास्त पगाराच्या, तज्ज्ञतेच्या कामालाच मिळतो; इथे सहज मिळणाऱ्या कामासाठी किंवा कारकुनीसाठी नाही. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते, आणि ग्रामीण भागात नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक.

इथे एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. तो माणूस लॉजवर उतरला तर लॉजवाला २४ तासांत त्याची माहिती भरतो, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात. पण तालुक्याला बरं लॉज नसतं म्हणून तो कारखान्याच्या बंगल्यावर राहिला, तर ही जबाबदारी तुमची होते.

परदेशी कामगाराच्या पीएफला १५,००० ची मर्यादा नाही, पूर्ण पगारावर कापावा लागतो. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया अशा देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. तिथून प्रमाणपत्र आणलं तर इथे सूट मिळते. चीनशी असा करार नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही परदेशी कामगारांची विशेष तरतूद रद्द ठरवली, पण त्या निकालावर विसंबून विदर्भातल्या मालकाने भरणा थांबवू नये.

हंगाम उतरताना

काम सोडलेल्या माणसाचा पूर्ण हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, मधेच निघालेल्याचाही. पीएफ पोर्टलवर प्रत्येकाची काम सोडल्याची तारीख टाका. ती टाकली नाही आणि माणूस दुसऱ्या जिनिंगला लागला, तर दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात आणि पुढे त्याचा दावा परत येतो.

ग्रॅच्युइटीची मोजणी याच वेळी करून ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असली की ती लागू होते. हंगामी कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांचं वेतन: १४,००० ÷ २६ × ७, म्हणजे ३,७६९ रुपये, आणि सहा हंगामांचे २२,६१५. जिनिंग १४० दिवस चालली असेल तर त्यातले ७५ टक्के, म्हणजे १०५ दिवस भरलेला हंगामच मोजतात, आणि असे पाच हंगाम व्हावे लागतात. मृत्यू किंवा अपंगत्वात पाचाची अट नाही. बारमाही मुनीम, फिटर, मिस्त्री यांना मात्र वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन. फिटरला ‘हंगामी’ दाखवून सात दिवसांवर आणण्याचा प्रयत्न उन्हाळ्यातल्या दुरुस्तीच्या हजेरीमुळेच उघडा पडतो. वर्षभराच्या मुदतीच्या करारावर ठेवलेल्या माणसाला आता एका वर्षातच ग्रॅच्युइटी लागू होते.

बोनस राहिला. वीस माणसांचा कारखाना आणि ३० दिवस काम केलेला मजूर, एवढं पुरतं, किमान ८.३३ टक्के, हंगामात कमावलेल्या वेतनावर. हिशोबाला महिना ७,००० किंवा किमान वेतन, जे जास्त असेल ते धरतात. मार्चअखेरचं वर्ष असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत तो द्यायचा असतो. तोवर मजूर गावी गेलेला असतो, कदाचित दुसरीकडे लागलेला असतो. म्हणून एप्रिलात निघतानाच खाते क्रमांक आणि चालू मोबाईल पुन्हा तपासून घ्या, आणि नोव्हेंबरात तो परत आलेला नसला तरी रक्कम त्याच्या खात्यात टाका.